शहरातली परवडणारी घरं : तूट मोजायची कशी आणि त्या आकड्यांवरून करायचं काय?

(ही एक चर्चा आहे. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

जरीब

शहरात परवडणाऱ्या घरांची तूट किती, असं विचारलं की एक मोठा आकडा सांगितला जातो. बातमीला तो पुरतो, कामाला पुरत नाही. तूट म्हणजे एक आकडा नव्हे, एक तक्ता. एका बाजूला उत्पन्नाचे टप्पे, दुसऱ्या बाजूला कुटुंबात माणसं किती, आणि असा तक्ता शहराच्या प्रत्येक भागासाठी वेगळा. कुठल्या चौकोनात किती कुटुंबं अडकली आहेत ते कळल्याशिवाय तिथे कोणता उपाय लागू पडेल हे ठरवता येत नाही.

भारतातलं उदाहरण घ्या. २०१२ साली अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक गटाने देशातली नागरी घरांची तूट १ कोटी ८७ लाख ८० हजार इतकी मांडली. आकडा सगळीकडे पोचला, त्याची फोड पोचली नाही. त्यातली जवळपास १ कोटी ५० लाखांची तूट दाटीची होती. म्हणजे डोक्यावर छप्पर होतं, पण विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली नव्हती. मोडकळीला आलेली जुनी घरं २२ लाख ७० हजार, दुरुस्तीपलीकडची कच्ची घरं ९ लाख ९० हजार आणि बेघर कुटुंबं ५ लाख ३० हजार. प्रत्येक प्रकाराचा इलाज वेगळा. दाटीतल्या कुटुंबाला कदाचित आहे त्या घरावर एक खोली चढवायची रीतसर परवानगी आणि लहान कर्ज पुरेल. बेघराला भाड्याची खोली आणि सुरुवातीला भाड्यात मदत लागेल. सगळ्यांची बेरीज करून तितके फ्लॅट बांधायला घेतले, तर पैसा भलत्याच जागी जातो.

तक्ता करायची एक बरी पद्धत अशी. शहराचं मध्यक कुटुंब उत्पन्न काढा, म्हणजे सगळी कुटुंबं उत्पन्नाप्रमाणे रांगेत लावली तर बरोबर मधल्याचं उत्पन्न (सरासरी नको, वरची मोजकी श्रीमंत कुटुंबं ती ओढून नेतात). मग मध्यकाच्या २० टक्क्यांपर्यंत, २० ते ५०, ५० ते ८०, ८० ते १२० आणि त्यावर, असे टप्पे पाडा. कॅनडात नगरपालिकांसाठी तयार केलेल्या एका मोजणी-पद्धतीत हेच टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्याची वरची मर्यादा घेऊन तिला घरखर्च किती झेपेल ते काढा, आणि त्या खर्चात बसणारी घरं मोजा.

इथे एक पायरी हमखास गाळली जाते. परवडणारं घर असणं आणि ते त्या कुटुंबाला मिळण्याजोगं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा सर्वात खालच्या टप्प्यात १०,००० कुटुंबं आहेत आणि त्यांना झेपतील अशी ६,००० घरं शहरात आहेत. तूट ४,००० वाटते. पण त्या ६,००० पैकी २,८०० घरांत वरच्या टप्प्यातली कुटुंबं राहतात, कारण त्यांनाही स्वस्त घर हवंच असतं. मग खालच्यांना उरली ३,२०० घरं, म्हणजे दर १०० कुटुंबांमागे ३२, आणि तूट ६,८००. अमेरिकेत अत्यल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंसाठी हा हिशोब दरवर्षी प्रसिद्ध होतो. २०२४ च्या अहवालात दर १०० कुटुंबांमागे ३४ घरं आणि ७३ लाख घरांची तूट होती. घराची किंमत आणि त्यात राहणाऱ्याचं उत्पन्न एकाच नोंदीत असेल तरच हा हिशोब करता येतो. दोन वेगळ्या स्रोतांची नुसती टोटल जुळवून तो निघत नाही.

ओसरी

उत्तम सुरुवात. 'झेपेल' हा शब्द मात्र तुम्ही सहज वापरलात आणि सगळी मेख तिथेच आहे.

उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत घरखर्च म्हणजे परवडणारं, हा नियम जगभर चालतो. तो निसर्गनियम नाही. अमेरिकेत १९६९ च्या कायद्याने सार्वजनिक घरांचं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर बांधलं, १९८१ मध्ये ते ३० केलं, आणि तिथून हा आकडा सगळीकडे गेला. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाची रेघ ४० टक्क्यांवर आहे. रेघ हलवली की तूट लाखांनी हलते. म्हणून निदान दोन रेघांवर गणित करून दोन्ही आकडे छापावेत.

नियमाची दोन टोकं कच्ची आहेत. पहिलं असं : पाच माणसांचं गरीब कुटुंब २५ टक्के भाडं देऊनही उपाशी राहू शकतं, आणि एकटा चांगला कमावणारा ४५ टक्के देऊनही मजेत असतो. त्यावर उपाय म्हणजे उलटा हिशोब. कुटुंबाच्या आकाराप्रमाणे अन्न, प्रवास, औषधं, शिक्षण यांचा किमान खर्च आधी वजा करायचा, उरेल ती घरासाठीची ऐपत. कष्ट जास्त, कारण खर्चाची टोपली वयोगटांनुसार बांधावी लागते, पण खालच्या दोन टप्प्यांसाठी ते करायलाच हवं.

दुसरं टोक अधिक फसवं आहे. सात जण एका खोलीत राहतात म्हणून त्यांचा घरखर्च उत्पन्नाच्या १५ टक्केच येतो. नुसतं गुणोत्तर पाहिलं तर या कुटुंबाला काही अडचणच नाही! म्हणून कॅनडाच्या गरज-निकषात तीन कसोट्या एकत्र असतात : घर मोठ्या दुरुस्तीला आलंय का, माणसांच्या मानाने खोल्या पुरतात का, आणि खर्च ३० टक्क्यांच्या वर जातो का. एकीतही घर नापास झालं, तर पुढचा प्रश्न विचारायचा : त्याच शहरात पुरेशा आकाराचं साधं घर या कुटुंबाला ३० टक्क्यांत घेता येईल का? नसेल तरच ते कुटुंब गरजू. जो हौसेने महाग घरात राहतो तो आपोआप गळतो.

विकत घ्यायच्या घरांसाठी व्याजदर विसरू नका. २० वर्षांचं कर्ज ९ टक्क्यांनी घेतलं तर महिन्याचा हप्ता मुद्दलाच्या साधारण ०.९ टक्के पडतो. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांतले ५ टक्के देखभाल आणि मालमत्ता करासाठी बाजूला ठेवले, तर हप्त्याला २५ उरतात. २५ भागिले ०.९, म्हणजे सुमारे २८ महिन्यांच्या उत्पन्नाइतकं कर्ज. कर्ज किमतीच्या ८० टक्के मिळत असेल तर झेपणारी किंमत ३५ महिन्यांचं उत्पन्न. दर ७ टक्के झाला की हप्ता ०.७७५ टक्क्यांवर येतो आणि तीच मर्यादा ४० महिन्यांवर जाते. एकही घर न बांधता तूट घटलेली दिसते. आणि उरलेले २० टक्के रोख कुठून आणायचे, हा प्रश्न या सूत्रात दिसतच नाही. खालच्या टप्प्यांत बहुतेकदा हप्त्याआधी तिथेच गाडी अडते.

पागोळी

वाचतेय. एक शंका. २०११ च्या जनगणनेत भारताच्या नागरी भागात १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी निघाली होती. मग आधी तीच का वापरात आणू नयेत?

मोजपट्टी

पागोळीताई, शंका रास्त आहे, पण 'रिकामं' या एका शब्दाखाली निदान सहा प्रकारची घरं येतात. भाड्यासाठी उपलब्ध, विक्रीला काढलेलं, दुरुस्ती चालू असलेलं, वारसांच्या वादात अडकलेलं, वर्षातून महिनाभर वापरलं जाणारं, आणि गुंतवणूक म्हणून कुलूप लावून ठेवलेलं. पहिल्या दोन प्रकारांची थोडी घरं कायम रिकामी असणं गरजेचंच आहे, नाहीतर कोणाला घर बदलता येणार नाही.

जपान दर पाच वर्षांनी पाहणी करून ही फोड देतं. २०२३ मध्ये तिथे सुमारे ९० लाख घरं रिकामी होती, एकूण घरांच्या १३.८ टक्के. बातम्यांत हाच आकडा आला. फोडीत पाहिलं तर जवळपास निम्मी भाड्याने देण्यासाठी ठेवलेली आणि ३८ लाख ५० हजार 'इतर' गटातली, म्हणजे ना विक्रीला, ना भाड्याला, ना सुट्टीतल्या वापराला. खरी काळजी या शेवटच्या गटाची, आणि तोही गट जिथे मागणी आहे तिथेच असेल असं नाही.

मोजण्याची पद्धत बदलली की आकडा किती बदलतो ते आयर्लंडमध्ये दिसतं. २०२२ च्या जनगणनेत १,६६,७५२ घरं रिकामी, म्हणजे ७.८ टक्के. तिथल्याच सांख्यिकी कार्यालयाने वीजमीटरच्या वापरावरून काढलेलं २०२१ च्या अखेरचं प्रमाण ३.२ टक्के. दोन्ही चूक नाहीत. जनगणना एका रात्रीचं चित्र टिपते. त्या रात्री दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात असलेलं घरही रिकामं ठरतं. मीटरच्या पद्धतीत सलग अनेक महिने वापर नसेल तरच घर मोजलं जातं. धोरणासाठी दुसरा आकडा जास्त कामाचा.

शहराने स्वतः करायचं असेल तर पाणी किंवा वीज, ज्याचे मीटर घरागणिक वेगळे आहेत ते घ्या. मेलबर्नमधल्या अभ्यासांत वर्षभराचा सरासरी वापर दिवसाला ५० लिटरच्या खाली असेल तर घर रिकामं असण्याचा दाट संभव, असा उंबरठा वापरला जातो. निदान १२ महिन्यांचा वापर पाहा, म्हणजे लांब सुट्टीवर गेलेले लोक गळतील. चुका कुठे होतात? सामायिक मीटर असलेल्या इमारती पूर्ण वगळाव्या लागतात. गळक्या नळामुळे रिकामं घर वापरातलं दिसतं. बंद पडलेला मीटर 'शून्य वापर' दाखवतो. विजेत फ्रीज चालू ठेवून गेलेलं घर फसवतं. म्हणून यादी तयार झाली की तिच्यातली १५०-२०० घरं यादृच्छिक निवडून प्रत्यक्ष जाऊन पाहा. दहात तीन नोंदी चुकीच्या निघाल्या तर उंबरठा बदला. तो नीट बसेपर्यंत कोणाला नोटीस पाठवू नका.

व्हँकूव्हरने मोजणीचा भारच मालकावर टाकला. २०१७ पासून तिथे प्रत्येक मालकाला दरवर्षी घोषणा करावी लागते. घोषणा नाही म्हणजे घर रिकामं असं धरून कर. आधी मूल्याच्या १ टक्का होता, पुढे ३ टक्के झाला. कर बाजूला ठेवला तरी, दरवर्षी प्रत्येक घराची नोंद ताजी होते, हाच मोठा लाभ.

विदागार

आता तो भाग, ज्याबद्दल कोणी बोलत नाही आणि ज्यात अशा प्रकल्पाचा निम्म्याहून जास्त वेळ जातो : नोंदी एकमेकींना जोडणं.

मालमत्ता कर, पाणी, वीज, बांधकाम परवानगी आणि खरेदीखतं, प्रत्येक खात्याचा क्रमांक वेगळा. जोडायला उरतो फक्त पत्ता, आणि एकाच गल्लीचं नाव पाच प्रकारे लिहिलेलं. आधी पत्त्याचे तुकडे पाडा : घर क्रमांक, इमारत, रस्ता, भाग, पिनकोड. मग फक्त एकाच पिनकोडातल्या नोंदी आपसात ताडून पाहा, नाहीतर लाखाला लाख अशा हजार कोटी तुलना होतील. नावांची जवळीक ० ते १ मध्ये मोजून ०.९२ च्या वरच्या जोड्या स्वीकारा, ०.८० च्या खालच्या टाका, मधल्या माणसाने पाहायच्या. हे आकडे सुरुवातीपुरते. आपल्या विदातले (म्हणजे डेटातले) किमान ३०० हाताने तपासलेले नमुने घेऊन ते पक्के करा. आणि न जुळलेल्या नोंदी फेकू नका! न जुळणारे पत्ते सगळीकडे सारखे विखुरलेले नसतात, ते वस्त्या आणि जुन्या गावठाणांत दाटलेले असतात. त्या टाकल्या की ज्यांची तूट मोजायची तेच लोक तक्त्यातून गायब होतात. प्रत्येक भागात किती टक्के नोंदी जुळल्या, हा रकाना अंतिम तक्त्यात असलाच पाहिजे.

एकदा हे कष्ट घेतले की प्रत्येक इमारतीला आणि सदनिकेला कायमचा एक क्रमांक द्या आणि सगळ्या खात्यांना तो वापरायला लावा. ब्रिटनमध्ये प्रत्येक मालमत्तेला असा क्रमांक आहे.

परवानग्यांच्या आकड्यांबद्दल एक इशारा. बांधकाम परवानगी म्हणजे घर नव्हे. परवानगी, प्रत्यक्ष प्रारंभ, जोते (पायावरचा चौथरा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्याजोगी झाल्याचा दाखला) आणि पहिला रहिवासी, या पाच तारखा प्रत्येक प्रकल्पासाठी हव्यात. सुधारित नकाशा मंजूर झाला की बऱ्याच यंत्रणांत तो नवा प्रकल्प म्हणून चढतो आणि तीच ८० घरं तीन वेळा मोजली जातात. भूखंड क्रमांकावर गट करून शेवटची मंजुरी तेवढी धरा. आणि पाडलेली घरं वजा करा. ४० भाडेकरूंची जुनी इमारत पाडून ९० घरांची उभी राहिली तर भर ५० ची आहे, आणि परवडणाऱ्या घरांच्या बाबतीत ती कदाचित उणे ४० आहे.

जरीब

विदागार, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. स्वस्त घरं किती बांधली याची नोंद सगळे ठेवतात, किती गेली याची कोणी ठेवत नाही. पाडकाम, भाडेवाढ, भाड्याच्या घराचं अल्पमुदतीच्या पर्यटक निवासात रूपांतर, अनुदानित घरावरची मुदत संपणं, या चार वाटांनी घरं जातात. चौथी वाट तर आधीच माहीत असते. कुठल्या इमारतीवरचं भाडेबंधन कोणत्या वर्षी संपतंय याची यादी लावली की पुढच्या दहा वर्षांची गळती आजच दिसते. घर नव्याने बांधण्यापेक्षा आहे ते वाचवणं बहुतेकदा स्वस्त पडतं.

पुढच्या गरजेच्या अंदाजाबद्दलही एक धोका सांगतो. आपण मागची दहा वर्षं पाहून पुढे किती कुटुंबं होतील ते काढतो. पण घरं महाग असली की मुलं आईवडिलांकडेच राहतात, वेगळं बिऱ्हाड होतच नाही. मग सूत्र सांगतं की कुटुंबं कमी वाढताहेत, सबब घरंही कमी लागतील. टंचाईच टंचाईला झाकते. इंग्लंडमध्ये हे उघड झालं. २०१४ च्या आकडेवारीच्या पायावरच्या अंदाजात वर्षाला सुमारे २ लाख १० हजार नवी कुटुंबं धरली होती, २०१६ च्या पायावरच्या अंदाजात ती १ लाख ५९ हजार झाली. सरकारला नव्या अंदाजाऐवजी जुनाच वापरा असं सांगावं लागलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तर लोकसंख्येचा पायाच सोडून सध्याच्या घरसंख्येच्या ०.८ टक्के अधिक परवडण्यानुसार वाढ, असं सूत्र आणलं.

यावर साधा उपाय आहे. २५ ते ३४ वयोगटातले किती टक्के लोक स्वतःचं बिऱ्हाड चालवतात ते प्रमाण घरं स्वस्त असतानाच्या काळातलं घ्या, आजच्या लोकसंख्येला लावा, आणि फरक 'दडलेली कुटुंबं' म्हणून तक्त्यात वेगळा दाखवा. लग्नाचं वय, शिक्षणाची वर्षं यामुळेही थोडा फरक पडतो, तेव्हा सगळा फरक टंचाईचा आहे असा दावा करू नका.

पागोळी

भाड्याचा डेटा कुठून घ्यावा? जाहिरातींच्या संकेतस्थळांवरून उचललेला चालेल का?

ओसरी

चालेल, पण तो कशाचा आहे हे ओळखून. जाहिरातीतलं भाडं हे मागितलेलं भाडं, आणि तेही आज रिकाम्या असलेल्या घरांचं. दहा वर्षं एकाच घरात राहणाऱ्याचं भाडं त्यात नाही. अमेरिकेतल्या अभ्यासात नव्या भाडेकरूंच्या भाड्याचा निर्देशांक सगळ्या भाडेकरूंच्या निर्देशांकाच्या साधारण चार तिमाह्या पुढे धावतो असं दिसलं. म्हणजे पुढचा इशारा म्हणून जाहिराती छान, आज लोकांवर किती भार आहे ते सांगायला नाहीत.

स्वच्छ करताना : तीच जाहिरात चार दलाल टाकतात, तेव्हा क्षेत्रफळ, मजला, भाडं आणि ५० मीटरच्या आतलं ठिकाण जुळलं की एकच धरा. महिनोन् महिने न हललेली जाहिरात एक तर खोटी असते किंवा भाडं अवाजवी, तिला मध्यकात घेऊ नका. भाडं कमी आणि अनामत प्रचंड असे करार असतील तर अनामतीवरचं व्याज भाड्यात मिळवा. वस्तीतल्या खोल्या तोंडी ठरतात, त्या कुठल्याच संकेतस्थळावर नसतात. तिथे दारोदार विचारण्याला पर्याय नाही.

किमतींच्या मध्यकाबद्दलही जपून. एखाद्या तिमाहीत महाग भागात तीन मोठे प्रकल्प विकले गेले तर शहराचा मध्यक उडतो, प्रत्यक्षात एकाही घराची किंमत वाढलेली नसते. तेच घर दोनदा विकलं गेल्याच्या जोड्या पकडून निर्देशांक काढणं बरं.

नकाशावाचक

जमिनीचा मुद्दा कोणीच आणला नाही म्हणून लिहितो.

विकास आराखड्यात 'इतक्या लाख घरांची क्षमता' असं छापलेलं असतं. ती क्षमता म्हणजे भूखंडाचं क्षेत्र गुणिले चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा), भागिले एका घराचं क्षेत्र. पण त्यातले किती भूखंड पुढच्या आठ वर्षांत खरोखर बांधले जाणार? भूखंडावर चांगली चालणारी बाजाराची इमारत असेल तर ती कोणी पाडत नाही. मागच्या आठ-दहा वर्षांत कुठले भूखंड बांधले गेले आणि कुठले नाही हे घ्या, इमारतीचं वय, वापरलेला आणि अनुज्ञेय निर्देशांक, मालकांची संख्या, रस्त्याची रुंदी, भावपातळी हे घटक घालून प्रत्येक भूखंडाला शक्यता काढा. क्षमता गुणिले शक्यता, आणि त्याची बेरीज. ६० घरांच्या भूखंडाची शक्यता ५ टक्के असेल तर तो हिशोबात ३ घरांचा. लॉस एंजेलिसने २०२१ ते २०२९ च्या आराखड्यात असंच प्रारूप वापरलं, आणि कागदावर क्षमता असूनही अडीच लाखांहून जास्त घरांसाठी नियम बदलावे लागतील हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. इतर शहरांनी यातून उचलण्यासारखं खूप आहे.

नियम बदलल्याने काय होतं ते ऑकलंडमध्ये मोजता आलं, कारण २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर जास्त घनता दिली आणि उरलेला भाग जवळपास तसाच राहिला. तुलनेला दोन गट आयते मिळाले. पाचेक वर्षांत वर्षाच्या परवानग्या दुपटीच्या आसपास गेल्या, आणि वाढ मुख्यतः जास्त घनतेच्या भागातली होती. आपल्याकडे बदल करताना कुठे आणि कोणत्या तारखेला हे भूखंडवार नोंदून ठेवलं तर पाच वर्षांनी परिणाम तपासता येतो. नंतर ही नोंद तयार करता येत नाही.

ठिकाणाचंही तेच. मेक्सिकोत २००० नंतर कर्जावर लाखो लहान घरं शहरांच्या दूर कडेला उभी राहिली आणि २०१० च्या जनगणनेत देशभर सुमारे ५० लाख घरं निर्जन निघाली. कारणं अनेक, पण कामापासूनचं अंतर त्यातलं मोठं. म्हणून घरखर्च आणि प्रवासखर्च एकत्र धरा. अमेरिकेतल्या एका निर्देशांकात दोन्ही मिळून ४५ टक्क्यांची रेघ आहे. सार्वजनिक वाहतुकीचं वेळापत्रक घेऊन सकाळी ७ ते ९ मध्ये ४५ मिनिटांत किती नोकऱ्या गाठता येतात ते प्रत्येक प्रस्तावित जागेसाठी काढा. सरळ रेषेतलं अंतर वापरू नका, नदी आणि रेल्वेमार्ग त्यात दिसत नाहीत.

मोजपट्टी

उपग्रह चित्रांवरून काढलेले इमारतींचे ठसे आता मोफत मिळतात, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांचेही. वस्त्या मोजायला लोक ते सर्रास घेतात. दाट वस्तीत छपरं एकमेकांना चिकटलेली असतात, यंत्र वीस घरांचा एक ठसा काढतं. मजले दिसत नाहीत. गूगलच्या प्रत्येक ठशासोबत खात्रीचा गुण असतो तो पाहा. ठशांवरून घरं मोजू नका, छपराखालचं एकूण क्षेत्रफळ घ्या आणि नमुना पाहणीतून मिळालेल्या 'दर १०० चौरस मीटरमागे कुटुंबं' या गुणोत्तराने गुणा. असं गुणोत्तर वस्तीगणिक वेगळं काढावं लागतं.

पागोळी

एवढं सगळं मोजण्यापेक्षा कुठलीही घरं भरपूर बांधली तर किंमत आपोआप उतरणार नाही का? श्रीमंत नव्या घरात गेले की त्यांची जुनी घरं खाली येतीलच.

जरीब

काही प्रमाणात येतात, आणि हे आता अंदाजावर नाही. फिनलंडमध्ये प्रत्येक माणसाची आणि प्रत्येक घराची नोंद जोडलेली आहे. त्यावरून हेलसिंकीत नव्या घरात कोण गेलं, त्याच्या जुन्या घरात कोण आलं, त्याच्या जुन्या घरात कोण, अशी साखळी लावली. शहराच्या मध्यभागी बाजारभावाची १०० नवी घरं बांधली की कमी उत्पन्नाच्या निम्म्या भागांत साधारण ६० घरं मोकळी होतात, सर्वात गरीब पंचमांश भागांत २९. ही साखळी एक-दोन वर्षांतच पुढे सरकते. म्हणून नव्या बांधकामाला विरोध करणाऱ्यांनी हा विदा जरूर पाहावा.

पण मोकळं झालेलं घर 'गरीब भागात' आहे, 'गरिबाला झेपणारं' आहे असं नव्हे. मध्यकाच्या २० टक्क्यांखालच्या कुटुंबाला इमारतीचा देखभालखर्चही निघत नाही अशा भाड्यात घर लागतं. कितीही घरं बांधली तरी बाजार तिथपर्यंत उतरत नाही. त्या चौकोनाला भाडे-मदत किंवा सार्वजनिक मालकीची घरंच लागतात. तक्ता यासाठीच हवा : वरच्या चौकोनांत नियम सैल करा, मधल्यांत जमीन आणि स्वस्त कर्ज, सर्वात खालच्यात थेट पैसा.

विदागार

एक काळजी. घर आणि उत्पन्न जोडलेला विदा फार नाजूक असतो. 'या गल्लीत भाडं थकवणारे जास्त' असा नकाशा घरमालकांच्या हाती गेला तर तिथल्या कोणालाच घर मिळणार नाही. १० पेक्षा कमी कुटुंबांचा चौकोन छापू नका, आणि एकच चौकोन झाकला तर बेरजेतून वजा करून तो काढता येतो, म्हणून शेजारचाही झाका. नावं आणि क्रमांक जोडणीनंतर लगेच वेगळ्या ठिकाणी कुलूपबंद करा. अतिक्रमण हटवणाऱ्या खात्याला हा विदा मिळणार नाही, हे पाहणी सुरू करण्याआधी लेखी ठरवून घ्या. तसं नसेल तर लोक खरं सांगणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

पागोळी

ज्या शहराकडे यातलं काहीच नाही, मीटर नाहीत, नोंदी कागदावर, तिथे कुठून सुरुवात?

ओसरी

नमुना पाहणीपासून. शहराचं एकच प्रमाण ५ टक्के कमी-जास्त इतक्या नेमकेपणाने हवं तर साध्या यादृच्छिक निवडीत ३८५ कुटुंबं पुरतात. पण आपण भाग निवडून प्रत्येकात १५ घरं घेतो. शेजारी शेजाऱ्यासारखे असतात, त्यामुळे माहिती कमी मिळते आणि नमुना साधारण दुप्पट लागतो, ७६० च्या आसपास. १५ टक्के दारं उघडणार नाहीत हे धरून ९००. हे एका शहरासाठी. पाच विभागांचे वेगळे आकडे हवेत तर प्रत्येकी ९००. पैसा तेवढा नसेल तर विभाग कमी करा, विभागातला नमुना तोडू नका.

प्रश्न वीसच ठेवा. किती माणसं, किती वयाची, किती विवाहित जोडपी, किती खोल्या, पाणी आणि शौचालय आत की बाहेर, छप्पर-भिंत कशाची, भाडं किंवा हप्ता, अनामत, वीज-पाणी-देखभाल वेगळी, कामाला जायला किती वेळ आणि खर्च, घराचा कागद कोणता आहे, मागच्या पाच वर्षांत कितीदा घर बदललं आणि का. उत्पन्न सरळ विचारलं तर कमी सांगतात, म्हणून मागच्या महिन्याचा खर्च सात-आठ बाबींत विचारून बेरीज करा. एका छपराखाली किती चुली आहेत हे पहिल्याच प्रश्नात विचारा, नाहीतर तीन बिऱ्हाडं एक म्हणून नोंदली जातील. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी जा. दिवसा फक्त घरी असणाऱ्यांचीच उत्तरं मिळतात, दोघं कमावती असलेली कुटुंबं निसटतात. बंद दाराला तीन वेळा जा, पण त्याच्या बदल्यात शेजारचं घर घेऊ नका.

नकाशावाचक

आणि प्रत्येक घराचं ठिकाण मोबाइलवर नोंदवताना अचूकता १० मीटरच्या आत आल्यावरच नोंद घ्या, अरुंद गल्ल्यांत ती ४०-५० मीटर भरकटते. जमलं नाही तर छापील नकाशावर हाताने खूण करा, ती जास्त भरवशाची. पहिल्या ५० घरांनंतर थांबून तक्ता भरून पाहा. एखादा रकाना भरतच नसेल तर प्रश्न तेव्हाच बदलता येतो, ९०० घरं झाल्यावर नाही.